पेटीवरचं गाणं: गोविंदराव टेंबे आणि बारा पट्ट्यांची मर्यादा

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कलेतलं अनुकरण आणि माध्यमाची मर्यादा यांबद्दल जरा तात्त्विक अंगानं बोललो. आज तेच प्रश्न एका माणसाच्या कारकिर्दीवर घासून बघायचे आहेत. माणूस आपला, कोल्हापूरकडचा. गोविंद सदाशिव टेंबे, जन्म १८८१, मृत्यू १९५५. वाद्य मात्र परकं, पेटी. त्यांच्याकडे जाण्याआधी आम्ही तुम्हाला थोडं लांब, तुर्कस्तानात नेणार आहोत. का, ते ओघात कळेल.

तुर्कस्तान मालेगावला अगदीच अनोळखी नाही. १९२१ साली खिलाफतीच्या चळवळीत हे गाव पेटलं होतं. माणसं गेली, पुढे काहींना फाशी झाली. ज्या खलिफासाठी इथे सभा भरत होत्या, ती खिलाफत तिथल्याच नव्या प्रजासत्ताकानं १९२४ मध्ये बरखास्त केली. त्याच प्रजासत्ताकानं दहा वर्षांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. १९३४ च्या नोव्हेंबरात त्यांनी रेडिओवरून स्वतःचंच पारंपरिक संगीत बंद केलं. ते जुनं, दरबारी, मागासलेलं. नव्या राष्ट्राला नवं संगीत पाहिजे, म्हणजे युरोपच्या वळणाचं पाहिजे, असा तो विचार. ही बंदी १९३६ मध्ये उठली, पण दिशा ठरून गेली होती.

त्या दिशेचं सगळ्यात गोड फळ म्हणजे इदिल बिरेत. जन्म १९४१, अंकारा. मुलगी विलक्षण. १९४८ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेनं तिला आणि सुना कान या व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीला परदेशात शिकता यावं म्हणून चक्क कायदा केला. इदिलचं वय तेव्हा पुरतं सातसुद्धा नव्हतं! पॅरिसला नादिया बुलांझे यांच्याकडे शिक्षण, पंधराव्या वर्षी तिथल्या संगीतविद्यालयाची पहिल्या क्रमांकाची तीन पारितोषिकं, आल्फ्रेड कोर्तो आणि विल्हेल्म केम्फ यांच्यासारखे गुरू. केम्फबरोबर तर पॅरिसच्या रंगमंचावर मोझार्टचं दोन पियानोंचं काँचेर्टो वाजवलं तेव्हा ही अकरा वर्षांची होती.

कौतुक करायलाच पाहिजे अशी ही कारकीर्द. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक खटकतं. तुर्की संगीतात मकाम असतात, आपल्या रागांचे लांबचे भाऊबंद म्हणा. त्यांच्या हिशेबात एका सप्तकाचे ५३ बारीक भाग मानतात आणि एका पूर्ण स्वरात नऊ. पियानोवर सप्तकात पट्ट्या बारा. म्हणजे ज्या वाद्यासाठी राष्ट्रानं मुलीला कायदा करून परदेशी धाडलं, त्या वाद्यावर त्या राष्ट्राचं जुनं गाणं धड वाजतच नाही. स्वर दोन पट्ट्यांच्या फटीत पडतात.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे नेमकी हीच अडचण आली, पण पियानोच्या नाही, पेटीच्या रूपानं.

हार्मोनियम हे फ्रेंच वाद्य. अलेक्झांडर दबँ यांनी पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास ते घडवलं. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी पायभात्याऐवजी हाताचा भाता बसवला आणि पेटी जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या मापाची झाली. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. युरोपी संगीताला दोन्ही हात पट्ट्यांवर लागतात, कारण तिथे एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ जमवायचा असतो. आपल्याला एका वेळी एकच स्वर पुरतो. मग दुसरा हात मोकळा, तो भात्याला दिला. ही साधी सोय वाटते, पण आमच्या मते वाद्य देशी होण्याची सुरुवात तिथे झाली.

टेंब्यांचा जन्म कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचं कोल्हापूर. दरबारात अल्लादियाखाँसाहेब, गावात गाण्याच्या बैठका, नाटक कंपन्यांचे मुक्काम. पेटी टेंबे जवळजवळ स्वतःच शिकले. त्याला कारणही आहे. गाण्याचं घराणं होतं, बिनीचं होतं, सारंगीचं होतं. पेटीचं घराणं कुठून असणार? वाद्यच कालपरवाचं. त्यामुळे त्यांनी पेटीचे धडे गवयांकडून घेतले, म्हणजे कानानं घेतले. भास्करबुवा बखले यांना ते गुरुस्थानी मानत आणि त्यांच्या साथीला बसत. बुवांकडे ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन तऱ्हांचं शिक्षण झालेलं. असा गवई समोर आणि हातात बारा पट्ट्या. परीक्षा ती हीच.

ही परीक्षा अवघड का, ते थोडं उलगडून सांगतो. तंबोरा उत्तम लागला की त्यातून एक गंधार आपोआप ऐकू येतो. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले, तर हा गंधार ३८६ वर बसतो. पेटीचा गंधार समान वाटणीमुळे ४०० वर. चौदा भागांचा फरक. तयार कानाला तो टोचतो. आणि ही अडचण लहानच म्हणायची. मोठी अडचण अशी, की आपलं गाणं स्वरांत नसतं, स्वरांच्या मधल्या वाटेत असतं. मींड म्हणजे ती वाट. पेटीला ती वाट नाही. एका पायरीवरून उचललेला पाय दुसऱ्या पायरीवरच पडणार.

मग टेंबे आणि त्यांच्या परंपरेतले चांगले पेटीवाले काय करत? मुख्य स्वराला शेजारच्या पट्टीचा निसटता कण देत. एक पट्टी सुटायच्या आत दुसरी दाबून दोन स्वरांचा सांधा बुजवत. आणि त्या सांध्यावर भाता अगदी हलका करत, म्हणजे कानाला उडी जाणवू नये. मींड वाजत नाही; मींड ऐकू आल्यासारखी वाटते. बाकीचं ऐकणाऱ्याच्या मनात पुरं होतं.

इथे पुन्हा क्षणभर बिरेत बाईंकडे. १९८६ मध्ये त्यांनी बीथोवनच्या नऊच्या नऊ सिंफनी पियानोवर ध्वनिमुद्रित केल्या. हा पियानोचा पाठ लिस्ट या संगीतकारानं एकोणिसाव्या शतकात लिहिलेला. अख्ख्या वाद्यवृंदाचं काम दहा बोटांवर! पियानोची अडचण पेटीच्या उलटी आहे. पेटीचा स्वर भाता चालू असेतो टिकतो, पण हलत नाही. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो. व्हायोलिनं धरून ठेवतात तो लांब स्वर पियानोवर शक्यच नाही. तरी चांगला वादक तो भास उभा करतो. दोन वाद्यं, दोन अडचणी, आणि युक्ती एकच: जे नाही ते सुचवायचं. म्हणून टेंब्यांना आम्ही बिरेत यांच्या पंगतीला बसवतो. एकीच्या मागे संसद उभी होती, दुसऱ्याच्या मागे नाटक कंपनी. फरक एवढाच नाही, पण हा लहान फरक नाही.

आता नाटक कंपनीकडे. १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीनं काकासाहेब खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आणलं. चाली टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. तोवर नाट्यपदांत कीर्तनाचा, साकी-दिंडीचा, कानडी चालींचा अंमल होता. टेंब्यांनी ठुमरी, दादरा, कजरी असा पूरबेकडचा माल आणला. त्या काळी पूरब अंगाच्या ठुमरीचा आणि पेटीचा संबंध घट्ट होता, हे ध्यानात ठेवायला पाहिजे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले भैयासाहेब गणपतराव हे पेटीवरचे ठुमरीचे उस्ताद, आणि त्यांचा शिष्यवर्ग थेट बनारस-कलकत्त्यापर्यंत.

‘मानापमान’च्या चालींवर पुष्कळ लिहिलं गेलंय, बहुतेक सगळं कौतुकाचं. आमचं एक निरीक्षण आहे, ते तपासून बघा. या चाली पेटीवाल्याच्या हाताच्या आहेत. मुखडे आटोपशीर, स्वरांच्या उड्या नेमक्या, जागा ठसठशीत. एकदा ऐकलं की पद तोंडात बसतं, कारण त्याचा सांगाडा पट्ट्यांवर स्पष्ट दिसतो. पाच वर्षांनी भास्करबुवांनी ‘स्वयंवर’च्या चाली दिल्या, त्यांच्याशेजारी ‘मानापमान’ ठेवा. बुवांच्या चालींत राग सावकाश पसरतो, बंदिशीची ऐट कायम राहते. त्या गवयाच्या गळ्यातून आल्या आहेत. टेंब्यांच्या बोटांतून आल्या आहेत. यात उणंदुणं काढायचं नाही. उलट धैर्यधराची पदं पुढे केशवराव भोसल्यांनी आपल्या तऱ्हेनं रंगवली, दीनानाथ मंगेशकरांनी तर निराळ्याच तेजानं गाजवली. सांगाडा इतका पक्का होता म्हणून प्रत्येकाला त्यावर आपलं अंग चढवता आलं. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव एकाच रंगमंचावर आले, त्या संयुक्त प्रयोगाला नाटक कोणतं निवडलं? ‘मानापमान’च.

पण या गुणाची दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा कसली? ठुमरीचा जीव शब्दाला आळवण्यात असतो, एकच ओळ दहा अर्थांनी सांगण्यात. तिचा मुखडा उचलून पदाला लावला, की ठुमरीचा डौल येतो आणि आळवणं मागे राहतं. ‘मानापमान’मध्ये काही ठिकाणी हे झालंय. चाल चटकदार, शब्द मात्र तिच्या मापात कोंबलेला. बालगंधर्वांच्या गळ्यानं ते झाकलं. कमी ताकदीच्या नटाच्या तोंडी ते उघडं पडतं. पेटीनं दिलं तसं पेटीनं थोडं घेतलंही.

टेंब्यांच्या पुढच्या आयुष्याचा धावता आढावा घेऊ. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीची स्थापना. तिथून बाहेर पडून १९१५ मध्ये स्वतःची शिवराज नाटक मंडळी. पुढे बोलपट आला. १९३२ च्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये ते स्वतः हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, आणि संगीत पुन्हा टेंब्यांचंच. मग लेखन: ‘माझा संगीत व्यासंग’, ‘माझा जीवनविहार’, अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र. वादक, संगीतकार, नट, कंपनीचा मालक, लेखक. काही जण म्हणतात, माणूस एका ठिकाणी ठरला नाही. आम्हाला तसं वाटत नाही. त्या काळी पेटीवाल्याला स्वतःची गादी नव्हती. गवयाला मैफल होती, पेटीवाल्याला गवयाच्या डाव्या बाजूची जागा. त्या जागेवरून जे दिसलं ते सांगायला टेंब्यांना कधी रंगभूमी लागली, कधी लेखणी.

अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र पेटीवाल्यानं लिहावं, हे आम्हाला फार बोलकं वाटतं. जयपूर घराण्याची गायकी म्हणजे आकाराची अखंड साखळी, पेचदार, एका स्वरातून दुसरा उमलणारी. पेटीला सगळ्यात कमी वश होणारं गाणं ते. आपल्या वाद्याच्या आवाक्यात जे येत नाही, त्याचीच थोरवी या माणसानं लिहून ठेवली. आपल्या हत्याराचा इतका कमी अहंकार असलेले कारागीर थोडे.

आता मुख्य वाद. पेटीवर आक्षेप जुनेच होते. आनंद कुमारस्वामींनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तिच्यावर टीका केली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींचं गणित मांडलं आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती-पेटी करवून घेतली. ती रूढ झाली नाही, पण प्रयत्न प्रामाणिक होता. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी तीच वाट पुन्हा चालून दाखवली. म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांतले काही नुसते बोलत नव्हते, उपाय शोधत होते. मग १९३८ मध्ये जॉन फोल्ड्स या रेडिओवरच्या इंग्रज संगीतकारानं पेटीविरुद्ध लेख लिहिला, रवींद्रनाथांचाही कौल विरोधात पडला, आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद. लायनेल फील्डन तेव्हा रेडिओचे प्रमुख. इंग्रज गेले, बंदी राहिली. पुढे बा. वि. केसकर हे आपले मराठी मंत्री १९५२ ते १९६२ नभोवाणी सांभाळत होते, तेव्हाही राहिली. १९७१ मध्ये ती सैल झाली, तीही आधी साथीपुरती. टेंबे १९५५ मध्ये गेले. आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्यांचं वाद्य त्यांच्याच देशाच्या रेडिओवर बहिष्कृत होतं.

दोन बंद्या शेजारी ठेवा. तुर्कस्ताननं आधुनिक होण्यासाठी देशी गाणं बंद केलं. आपण शुद्ध राहण्यासाठी विदेशी वाद्य बंद केलं. कारणं उलटसुलट, आणि रीत तीच: ऐकणाऱ्याच्या कानाचा निवाडा सरकारनं करायचा.

बंदीच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. पेटी आली आणि सारंगी मागे पडली. सारंगी गळ्यासारखी वळते, पेटी वळत नाही. रेडिओच्या बंदीमुळे सारंगी आणि व्हायोलिनला थोडा आधार मिळाला, हे खरं. पण सारंगी मागे का पडली होती? ती कोठ्यावरची, म्हणून अब्रूदार घरांत नको; पेटी कशी ‘स्वच्छ’, मुलीबाळींना शिकवता येते. म्हणजे सोवळेपणानं आधी सारंगी हाकलली आणि मग त्याच सोवळेपणानं पेटी. गंधर्व मंडळीत सारंगीला कादरबक्ष होते, तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते आणि शेजारी ऑर्गनही होता. रंगभूमीला एकाला घरात घेताना दुसऱ्याला बाहेर काढावं लागलं नाही.

आमचा मूळ आक्षेप तर्कशास्त्राचा आहे. आपल्या वेदान्तात ‘उपाधी’ नावाची कल्पना आहे. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो. तांबडेपणा फुलाचा, आपण तो स्फटिकावर लादतो. पेटीच्या बाबतीत हेच झालं. मर्यादा पट्टीची, ती वादकाच्या कलेवर लादली गेली. ‘पेटीवर मींड निघत नाही’ हे विधान खरं आहे. ‘म्हणून पेटीवाल्याला मींड कळत नाही’ हे खोटं आहे. बंदी घालणाऱ्यांनी पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर उडी मारली. टेंब्यांसारख्याला तर मींड इतरांपेक्षा जास्त कळत असणार. ती रोज आपल्या हातून निसटते, हे ज्याला रोज दिसतं, त्याला तिची किंमत विचारा.

इथल्या श्रोत्यांना हे वेगळ्या शब्दांत सांगता येईल. मागावर ताणा आधी बांधलेला असतो, तो तुम्हाला विणता विणता बदलता येत नाही. बाण्यानं काय करायचं, तेवढंच हातात. यंत्रमाग परदेशी म्हणून मालेगावचं कापड परदेशी होत नाही. आणि ताणा घट्ट बांधलेला आहे म्हणून सगळं कापड एकसारखंही निघत नाही.

मग टेंब्यांचं मोल काय ठरवायचं? ते थोर रचनाकार होते का? ‘मानापमान’पुरतं बोलायचं तर निःसंशय, तेवढी उंची त्यांच्या पुढच्या रचनांना सातत्यानं लाभली, असं आम्ही म्हणणार नाही. नट म्हणून त्यांचं स्थान ऐतिहासिक आहे, त्यापलीकडे फार ताणू नये. लेखक म्हणून मात्र त्यांना पुन्हा वाचायला हवं. मराठीत संगीतावर लिहिणारे विद्वान पुष्कळ झाले, पण साथीला बसून, श्वासाच्या अंतरावरून गवई ऐकलेला माणूस लिहितो तेव्हा ते निराळं असतं. आणि वादक म्हणून त्यांनी घातलेला पायंडा टिकला. बेळगावचे रामभाऊ विजापुरे, आप्पा जळगावकर, गोव्याचे तुळशीदास बोरकर, गोविंदराव पटवर्धन, आज डॉ. अरविंद थत्ते, ही माणसं पेटीची बाजू मांडायला भाषणं करत बसली नाहीत. वाजवत राहिली.

एक शेवटचं, आणि हे या गावासाठी. मोसम नदीच्या अलीकडे भजनी मंडळात पेटी आहे, पलीकडे कव्वालीत पेटी आहे. दोन्हीकडच्या गाणाऱ्यांना ती आपलीच वाटते आणि दोन्हीकडे ती कुठून आली हे विचारायला कुणी थांबत नाही. रेडिओवर एकतीस वर्षं बंदी असताना इथे तिचा भाता एक दिवस थांबलेला नाही. पण आम्हाला एक काळजी वाटते. आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आलाय. त्याला भाता नाही. टेंबे ज्या भात्याच्या हलक्या दाबानं दोन स्वरांचा सांधा बुजवत, तो हातच मोकळा झाला. त्या हातानं आता काय करायचं? कीबोर्डाला नावं ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. तसं केलं तर आपण १९४० चीच बंदी पुन्हा घालू. एखादा पोरगा या वाद्याशी झटेल, त्याची अडचण ओळखेल आणि काहीतरी काढेल. त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो नदीच्या कोणत्या काठाचा आहे, हे बघू नका.

घरी गेल्यावर एक करा. गायक कोणीही असो, पेटीची साथ असलेलं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावा आणि दहा मिनिटं गायकाकडे लक्ष न देता फक्त पेटी ऐका. गवई मींड घेतो त्या क्षणी पेटीवाला काय करतो ते टिपा. पुढच्या वेळी त्यावर बोलू. आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.